फीचा बैल

'फी' हा शब्द मी तीसेक वर्षं वर्गात वापरला, आणि त्यातली पहिली काही वर्षं त्याची गोष्टही रंगवून सांगितली. मग एका वर्षी सांगायची बंद केली. का बंद केली ते घरात कुणालाच ठाऊक नाही. नवऱ्याला वाटलं, मला आता कंटाळा आला असेल. मुलाला तर असली काही गोष्ट होती हेच आठवत नाही. मीही कधी विषय काढला नाही, कारण काढला असता तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि त्यात माझं तोंड फारसं दाखवण्यासारखं नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. आम्ही नागपुरात महाल भागातल्या एका गल्लीत दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. नवरा सरकारी कचेरीत कारकून, मुलगा सहा वर्षांचा. मी सदरमधल्या एका मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. सकाळी सायकलनं जायचे, दुपारी घामानं निथळत परत यायचे आणि संध्याकाळी बाहेरच्या खोलीत सतरंजी घालून दहावीच्या मुलींची ट्यूशन घ्यायचे. दहा-बारा मुली असायच्या. महिन्याला दहा रुपये फी. इंग्रजीच्या भीतीनं आमच्याकडे मुली येत आणि माझ्या भीतीनं अभ्यास करत. मी रागीट होते. हे मी आता म्हातारपणी कौतुकानं सांगत नाही, तेव्हा मात्र मला त्याचं कौतुक होतं.

शब्दांच्या कुळकथांचा मला भारी नाद. सदरमध्ये एका जुन्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं होतं, तिथून मी चार रुपयांना एक जाडजूड इंग्रजी कोश उचलला होता. पुठ्ठा निखळलेला, पानांना वाळवीची भोकं, पण आत प्रत्येक शब्दाचं खानदान दिलेलं. सायकलच्या कॅरिअरला बांधून तो घरी आणला तेव्हा नवरा म्हणाला, "चार रुपयांत चार दिवसांची भाजी आली असती." मी म्हटलं, "भाजी चार दिवसांत संपली असती." त्या दिवसापासून वर्गात धडा कमी आणि कोश जास्त असं होऊ लागलं. मुलींना ते आवडायचं, कारण तेवढा वेळ व्याकरण टळायचं.

त्या वर्षीच्या वर्गात एक सुताराची मुलगी होती. सक्करदऱ्याच्या बाजूला तिच्या बापाचं दुकान होतं. दुकान म्हणजे रस्त्याकडेला पत्र्याचं छप्पर आणि मागं दोन खोल्यांचं घर. बाप मूळचा कुहीकडचा. पोरीला सहा भावंडं नव्हती की घरात दारूडा नव्हता, आई मात्र लहानपणीच गेली होती. बापलेक दोघंच. मुलगी सावळी, काटक, बोटांना नेहमी लाकडाच्या भुशाचा वास. हुशार होती, पण बोलायची नाही. वर्गात प्रश्न विचारला की उत्तर माहीत असूनही दुसरी कुणी सांगते का ते आधी बघायची.

पहिल्या महिन्याची फी तिनं आणली नाही. मी काही बोलले नाही. दुसऱ्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी माझ्या रिवाजाप्रमाणे राहिलेल्यांची नावं वाचली.

हा रिवाज सांगायला हवा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी शिकवणं सुरू करण्याआधी, ज्यांची फी यायची असेल त्यांची नावं मी मोठ्यानं वाचायचे. फक्त नाव आणि "उद्या". बाकी ओरडणं नाही, बोलणं नाही. शाळेत आमच्या बाईंनी आमची नावं अशीच वाचली होती आणि माझ्याही बापाकडे तेव्हा पैसे नव्हते. आता वाटतं, जिला ते एवढं लागलं होतं तिनं तरी ते करायला नको होतं. पण तेव्हा वाटायचं, आपण सोसलं, आपलं काय बिघडलं?

त्या सोमवारी नावं वाचून झाल्यावर वर्गात एक अवघडलेपण आलं. ते घालवायला मी म्हटलं, "बरं, फी या शब्दाचं मूळ कुणाला माहीत आहे?" अर्थातच कुणाला नव्हतं. मग मी कोश मांडीवर घेतला आणि सुटले.

म्हटलं, पूर्वी इंग्रजांच्या पूर्वजांकडे नाणी कुठली एवढी? ज्याच्या दावणीला गुरं जास्त तो श्रीमंत. त्यांच्या जुन्या भाषेत गुरांना जो शब्द होता, तोच हळूहळू मालमत्तेला लागला, मग पैशाला. 'फी'च्या मुळाशी गाईगुरं आहेत. आणि गंमत पुढेच आहे. आपल्या संस्कृतातला 'पशू' आणि त्यांचा तो शब्द ही एकाच घराण्यातली चुलत भावंडं. लॅटिनमध्येही गुरांचा शब्द आणि पैशाचा शब्द असेच एकमेकांना चिकटलेले. म्हणजे डॉक्टरची फी, वकिलाची फी, परीक्षेची फी, आणि तुम्ही मला देता ती फी, सगळी एके काळी चार पायांवर चालत यायची. आपल्याकडेही वेगळं काय होतं? गोधन म्हणतोच ना आपण?

मुली खूश झाल्या. एका वकिलाची मुलगी होती, चुणचुणीत आणि जराशी आगाऊ. ती म्हणाली, "बाई, मग मी पुढच्या महिन्यात बकरी आणते."

"आण," मी म्हटलं, "पण चारा तुझ्या घरून."

सगळा वर्ग हसला. सर्वांत मोठ्यानं मी. कुणीतरी 'में' असा आवाज काढला, कुणी म्हणालं की बाईंच्या जिन्यात म्हैस मावायची नाही. सुताराची मुलगी तेवढी हसली नाही. ती वहीत काहीतरी लिहून घेत होती. मला बरं वाटलं, एक तरी पोरगी टिपणं काढते म्हणून.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या दोघींनी फी आणली, तिनं नाही. मी पुन्हा गप्प राहिले, आणि तेवढ्यात पोळा आला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात तान्हा पोळा असतो. खऱ्या बैलांचा पोळा मोठ्यांचा, आणि दुसरा दिवस पोरांचा. पोरं लाकडी बैल सजवतात, दोरीनं ओढत घरोघर नेतात. घरची बाई बैलाला कुंकू लावते, ओवाळते आणि पोराच्या हातावर नाणं ठेवते. त्याला बोजारा म्हणतात. गावाकडे खऱ्या पोळ्याला वर्षभर बैल राखणारा गडी बैल घेऊन दारी येतो आणि त्याला धान्य, कपडा, पैसे जे मिळतं त्याचं नाव बोजारा. पोरांनी तो शब्द तसाच उचलला. आमच्या मुलाकडे होता तो बैल बोटभर, एका शिंगाचा. तो रडून नवा मागत होता आणि मी महिनाअखेर म्हणून टाळत होते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी सुताराची मुलगी नेहमीपेक्षा लवकर आली. डोक्यावर जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी जड. तिनं ते खाली ठेवलं, चादर सोडली. आतून सागाचा बैल निघाला. हातभर उंच, मान किंचित वळवलेली, वशिंडावर घडी पडावी तशी एक बारीक रेष कोरलेली. चार चाकं, गळ्यात खऱ्या पितळी घुंगरांची माळ. मी बाजारात खूप बैल पाहिले होते, रंगीबेरंगी, ढोबळ. हा रंगवलेला नव्हता. नुसतं तेल-पॉलिश. लाकडाच्या रेषा त्याच्या पोटावरून अशा गेल्या होत्या की श्वास घेतोय असं वाटावं.

"बाबानं पाठवला," ती म्हणाली.

"अरे वा! कोणासाठी?"

"तुमच्यासाठी, बाई." मग ती थांबली. तिला आणखी काही सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली, वकिलाची मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी हसत वर आल्या आणि बैल बघून "अय्या!" म्हणाल्या.

"काय वं?" मी तिला विचारलं.

"काई नाई," ती म्हणाली आणि जाऊन आपल्या जागी बसली.

मी तो बैल तान्ह्या पोळ्याची भेट म्हणून घेतला. मुलानं तर तो सोडलाच नाही, रात्री उशाशी घेऊन झोपला. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गल्लीत त्याच्या बैलाएवढा देखणा बैल दुसरा नव्हता. घरोघर बायका त्याला ओवाळत होत्या आणि मुलाच्या खिशात नाणी खुळखुळत होती. साडेतीन रुपये बोजारा जमला. त्याची आम्ही जिलबी आणली. ती जिलबी मीही खाल्ली.

पण माझ्या मनात एक किडा शिरला. नवरा सहज म्हणाला, "एवढा महागाचा बैल? फी माफ होईल म्हणून दिला असेल." त्याला काही वाईट म्हणायचं नव्हतं. पण मला ते झोंबलं. मस्का लावला तर मी विरघळेन असं या माणसाला वाटलं की काय? भेट वेगळी, फी वेगळी. मी कुणाच्या बैलाला भुलणारी नाही. खरं सांगायचं तर बैल परत करायला हवा होता, तर माझं तत्त्व तत्त्व ठरलं असतं. पण मुलगा रडला असता, आणि बैल मलाही आवडला होता. म्हणून बैल ठेवला आणि तत्त्व पोरीवर चालवलं.

पुढच्या पहिल्या सोमवारी मी तिचं नाव वाचलं. एकटीचंच राहिलं होतं. ती माझ्याकडे बघतच राहिली. डोळे असे मोठे केले तिनं, की मला तो उद्धटपणा वाटला. मी पुन्हा वाचलं आणि म्हटलं, "उद्या."

ऑक्टोबरच्या सोमवारी पुन्हा. मग दिवाळीच्या आधी मी तिला वर्गासमोर म्हटलं, "हे बघ, बाकीच्यांचे बाप काही झाडावरून पैसे तोडत नाहीत. फी आणल्याशिवाय उद्यापासून येऊ नकोस." ती उठली. वही पिशवीत घातली. दाराशी चपला घालताना तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे बैल उभा होता. मला वाटलं, भेट दिल्याचा आता पस्तावा होतोय.

ती परत आली नाही. मार्चच्या परीक्षेत बाकी विषयांत पास झाली आणि इंग्रजीत नापास. शाळेतल्या एका बाईंकडून कळलं तेव्हा मला वाईट वाटलं, पण ते असं वरवरचं, दुसऱ्याच्या घरचं ऐकून वाटतं तसं. मनात म्हटलंसुद्धा, दहा रुपयांसाठी बापानं पोरीचं वर्ष घालवलं.

पुढल्या पोळ्याला आठ दिवस असताना बैलाचं मागचं चाक आसासकट निखळलं. मुलानं घर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या सुताराकडे न्यावा असं मनात आलं, पण म्हटलं, ज्यानं केला त्यानंच नीट करावा. आणि आतून कुठेतरी पोरीची चौकशीही करायची होती. रविवारी सकाळी बैल सायकलला बांधून मी सक्करदऱ्याला गेले.

बाप रंधा मारत होता. पन्नाशीचा, नुसती हाडं शिल्लक असलेला माणूस, कानावर पेन्सिल. मागे घराच्या दाराशी मुलगी बसून पॉलिश पेपरनं पाटाची कड घासत होती. मला पाहून तिचा हात थांबला. बापानं बैलाकडे आधी पाहिलं, मग माझ्याकडे. "या, बाई," म्हणाला आणि स्टूल पुढे केला. बोलण्यात आदर होता, पण ऊब नव्हती.

"चाक निघालं हो याचं," मी म्हटलं. "जे काय पैसे होतील ते घ्या."

त्यानं बैल उलटा केला, आसाला बोट लावून पाहिलं. मग तसाच उलटा धरून म्हणाला, "बाई, एक विचारू काय? राग नोका धरू."

"विचारा ना."

"हा बैल पटला नव्हता तर परत काहून नाही केला? ठेवूनबी घेतला अन् फीबी मांगत राहिले. मी अडाणी माणूस, पण हे काई मले समजलं नाई."

मला खरंच काही कळलं नाही. मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हंजे, हा तुमच्या फीचा बैल होता ना!" तो म्हणाला. "पोरगी घरी येऊन सांगे, बाबा, आमच्या बाईनं सांगतलं, पयले लोक फीमधी गाय-बैल देत होते. फी म्हंजेच बैल. तवा माझ्याजवळ नगद नव्हतं. ठेकेदारानं तीन महिने पैसा अडकवला होता. मी म्हनलं, आपल्याजवळ जिता बैल नाई, पण हातात हुनर तं हाय. जुलैपासून फेब्रुवारीपावतर आठ महिन्यांची फी धरली अन् तेवढ्या मोलाचा केला. सागाचा. पंधरा रोज लागले. इतवारीच्या बाजारात नेला असता तं जास्तच आले असते, कमी नाई."

तो पुढे बोलत होता. रागानं नाही, हिशेब जुळत नसलेल्या माणसासारखा. "पोरीले काढलं तवा मी येनारच होतो तुमच्याकडे. हीच म्हने, नोको जाऊ बाबा, जाऊ दे. मले वाटलं, हिनंच सांगतलं नसन की हा फीचा हाय म्हनून. इचारलं. म्हने, सांगतलं. मी म्हनलं, खोटं बोलून राहिली तू. शिकलेली बाई, सांगितल्यावर कायले मांगन? दोन कानाखाली ठेवल्या हिच्या. आजवर हात नव्हता लावला मी पोरीले." त्यानं मान वळवून दाराकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. "आता तुमीच सांगा, बाई. हिनं सांगतलं होतं का नाई तुमाले?"

मुलगी दाराशी उभी राहिली होती. हातात तो पॉलिश पेपर. तिनं ओठ घट्ट मिटले होते आणि ती माझ्याकडे पाहत होती. वर्गात नाव वाचल्यावर पाहिलं होतं तसंच. तेव्हा मला तो उद्धटपणा वाटला होता. आता कळलं, ती भीती होती.

माझ्या डोळ्यांपुढे जिन्यातली ती पावलं आली. उघडून मिटलेलं तोंड आलं. बकरी, म्हैस आणि माझं हसणं आलं. ज्या वर्गात फी म्हणजे गाय-बैल यावर सगळे पोट धरून हसले, तिथे त्याच मुलींसमोर लाकडी बैल ठेवून 'ही माझी फी' असं कुठली पंधरा वर्षांची पोर म्हणेल?

मी म्हटलं, "हो. सांगितलं होतं तिनं."

"सांगतलं होतं?"

"सांगितलं होतं. माझ्या लक्षातून गेलं. चूक माझी आहे."

खोटं बोलताना माझा आवाज जराही हलला नाही. मला वाटलं, निदान एवढं तरी मी या पोरीसाठी करू शकते. त्याच्या नजरेत मी लबाड ठरले, हावरी ठरले, तर ठरू दे. ते माझ्या वाट्याचंच होतं. चूक खरी होती, फक्त तिचा तपशील खोटा होता. त्या क्षणी मला थोडं हलकंही वाटलं, हे लपवत नाही.

सुतारानं बैल हळूच जमिनीवर ठेवला. "लक्षातून गेलं," तो स्वतःशीच म्हणाला. मला त्यानं काहीच बोल लावला नाही. तो उठला, मुलीजवळ गेला आणि एवढा मोठा बाप्या माणूस, माझ्यासमोर, रस्त्यावरचे लोक बघत असताना, त्यानं आपले दोन्ही कान धरले.

"माय," तो म्हणाला, "चुकलो वं मी. तू खरं बोलून राहिली होती अन् म्या तुले मारलं. चुकलो."

मुलीनं मान खाली घातली. तिच्या हातातला कागद चुरगळत गेला.

चाकाचे त्यानं आठ आणे घेतले, त्याहून एक पैसा जास्त नाही. मी फी परत देऊ केली, तर म्हणाला, "परत कायची? फी भरली हाय तिची. चार महिने शिकली, चार राहिले. ऑक्टोबरमधी पुन्हा पेपर देनार हाय, तवापावतर राहिलेलं शिकवून टाका." हे तो इतक्या साधेपणानं म्हणाला की दुकानात राहिलेला माल उचलायला यावं तसं वाटलं. मी हो म्हटलं.

त्या रात्री मी कोश काढला. 'फी'चं पान नीट, शेवटपर्यंत वाचलं, जे मी इतक्या वर्षांत वाचलं नव्हतं. गुरांची गोष्ट होती तिथे, पण ती अर्धीच. पुढे लिहिलं होतं की आपण देतो-घेतो ती फी त्या गुरांपासून सरळ चालत आली असं छातीठोक म्हणता येत नाही. वाटेत फ्रेंच लागते. तिथे चाकरीच्या बदल्यात सरदाराला मिळालेल्या जमिनीला तसा शब्द होता. जमीन घेतली की देणाऱ्याची चाकरी आली आणि घेणाऱ्याचा सांभाळ करायची जबाबदारीही देणाऱ्यावर आली. पैसा मोजून मोकळं होण्याचा अर्थ फार उशिराचा. गुरं हसायला बरी पडतात म्हणून मी मुलींना तेवढीच सांगितली होती. आणि एका माणसानं माझं ते अर्धवट सांगणं खरं मानून पंधरा दिवस साग कोरला होता.

मराठीत या एका गोष्टीला किती शब्द आहेत. मजुरी, पगार, दक्षिणा, बिदागी, मानधन, आमचा बोजारा. प्रत्येकात देणाराही दिसतो आणि घेणाराही. दक्षिणा वाकून देतात, बोजारा ओवाळून देतात. मी मात्र असा शब्द धरून बसले होते जो माझ्या तोंडी फक्त 'उद्या' एवढाच उरला होता. पुढच्या सोमवारपासून मी नावं वाचणं सोडलं. ज्यांची फी यायची त्यांना एकेकटीला जिन्यात गाठू लागले. फार मोठं काही केलं असं नाही. हे आधीच सुचायला हवं होतं.

मुलगी यायला लागली. नव्या वर्गाबरोबर बसायला नको म्हणून मी तिला दुपारी एकटीला बोलवायचे. मी तिच्याशी गोड बोलायचे, चहा द्यायचे, निबंध दोनदा तपासायचे. ती सगळं लिहून घ्यायची, सगळं पाठ करायची. चहाला हात लावायची नाही. मला वाटायचं, अजून रागावली आहे. रागावू दे. मला वाटायचं, एक दिवस ती मला म्हणेल, बाई, त्या दिवशी तुम्ही मला वाचवलं. मी त्याची वाट बघत होते. एवढं झाल्यावरही मला आभार हवे होते, याची मला आज सगळ्यात जास्त शरम वाटते.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी मी तिला उतारा वाचायला दिला. तिनं पुस्तक उघडलं, आणि वाचायच्या ऐवजी मला विचारलं, "बाई, त्या दिवशी तुमी खोटं काहून बोलले?"

मी गडबडले. म्हटलं, "अगं, तुझ्यासाठीच ना. तुझे बाबा पुन्हा रागावले असते."

"रागावले असते," ती म्हणाली. "अजून दोन ठेवून देल्या असत्या. मंग झालं असतं."

मी काही बोलणार तर तिनं मान हलवली. एवढं सलग मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

"मी सांगनारच होती त्याले, बाई. रोज ठरवत होती. बाबा, मीच नाई सांगतलं, मले लाज वाटली तुमच्या बैलाची. आता कसं सांगू? आता सांगतलं तं तुमी खोट्या अन् मीबी खोटी, दोघी मिळून त्याले फसवलं असं होते." ती थांबली. "तो रोज जेवताना पयला घास माझ्या ताटात ठेवते. म्हने, माझी पोरगी खरी निघाली. बाई, मले मार परवडला असता."

मी पुस्तक माझ्याकडे ओढलं आणि तो उतारा मीच वाचू लागले. ती पेन घेऊन अवघड शब्द लिहीत गेली. ऑक्टोबरमध्ये ती इंग्रजीत पास झाली. पेढे घेऊन बापच आला होता, ती आली नाही.